बातमीतला चाहता : नाव ना गाव

पांझराकाठ (धागालेखक) :

माझा भाचा धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला आहे. कापसाने भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचे, गाडी रिकामी झाली की पुन्हा काट्यावर घ्यायची आणि दोन्हींतला फरक शेतकऱ्याच्या पावतीवर उतरवायचा, हे त्याचे रोजचे काम. पाच-दहा किलो इकडेतिकडे झाले तरी शेतकरी काट्यावरून हलत नाही, त्यामुळे मोजूनमापून बोलायची सवय त्याला आपोआपच लागली आहे. हाच मुलगा शाळेत असल्यापासून सलमान खानचा चाहता आहे, आणि गेल्या ईदला एका वृत्तवाहिनीने त्याला नऊ सेकंदांत वेडा ठरवून टाकले.

घडले ते असे. पहिल्या खेळाआधी चित्रपटगृहासमोर वाहिनीचा माणूस बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, घेऊन उभा होता. भाचा आणि त्याचे मित्र त्याच्याशी चार-साडेचार मिनिटे बोलले, आणि त्यांच्यापैकी एकाने ते सगळे बोलणे बाजूने स्वतःच्या मोबाइलवर टिपले, म्हणूनच मी हे खात्रीने लिहू शकतो. मुले तिकिटाच्या दराबद्दल बोलली. वर्षातले कितीतरी आठवडे जेमतेम वीस-पंचवीस माणसांवर चालणाऱ्या चित्रपटगृहाचे कुलर याच दिवशी कसे सुरू होतात, याबद्दल हसून बोलली. सलमानच्या वाढदिवसाला, म्हणजे २७ डिसेंबरला, त्यांचा गट रक्तदान शिबिर घेतो, तेही त्यांनी सांगितले. शेवटी त्या माणसाने विचारले, "भाईसाठी जीव द्याल का?" सगळे हसले, आणि भाचा म्हणाला, "देऊ की, त्यात काय!" त्यानंतरही तो एक वाक्य बोलला होता, पण ते तूर्त राहू द्या. संध्याकाळी बातमीत प्रश्न नव्हता, हसणे नव्हते, शिबिर तर नव्हतेच. "देऊ की" एवढेच होते, तेही संथ गतीने, मागे धडधडणारे संगीत, आणि खाली लाल पट्टी : 'भाईजानसाठी जीवही देऊ!' त्याला जोडून भलत्याच शहरातले, पोस्टरवर दूध ओतण्याचे दृश्य दाखवले गेले. भाच्याचे नाव कुठेही आले नाही. त्याच्या छातीवर 'चाहता' एवढाच शब्द लिहिला होता.

या नऊ सेकंदांची किंमत त्याने निराळ्याच ठिकाणी मोजली. त्याच्यासाठी शहाद्याकडचे एक स्थळ आले होते, मुलीकडची माणसे घर पाहून गेली होती, आणि बोलणी सुपारीपर्यंत येऊन ठेपलेली असताना मुलीच्या मामांनी ती चित्रफीत माझ्या बहिणीला पाठवली. खाली एकच ओळ होती : 'हा तुमचाच मुलगा ना?' त्यानंतर तिकडून फोन आला नाही. मी त्या मामांना फारसा दोष देत नाही. माझ्या भाचीसाठी आलेल्या मुलाची अशी चित्रफीत माझ्याकडे आली असती, तर मीही विचारात पडलो असतो.

मला खटकतो तो शब्दांतला भेद. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. आवडत्या लेखकाची सही मिळावी म्हणून ताटकळणारी, त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढण्यासाठी मांडवात रेटारेटी करणारी माणसे मी तिथे पाहिली, आणि खरे सांगायचे तर त्या रेटारेटीत मीही होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही 'साहित्यरसिक' ठरलो. स्मिता पाटील आपल्या शिरपूरच्या घराण्यातल्या; १३ डिसेंबर १९८६ रोजी त्या गेल्या, आणि अजूनही त्यांचा विषय निघाला की आमच्याकडची वयस्कर माणसे 'आपली स्मिता' म्हणून हळवी होतात. त्याला जिव्हाळा म्हणतात, आणि तो आहेच. मात्र काट्यावरच्या मुलाने पुढच्या रांगेत शिट्टी मारली की बातमीच्या कोशात त्याच्यासाठी 'धुडगूस', 'उन्माद' आणि 'हुल्लडबाजी' एवढे तीनच शब्द शिल्लक राहतात.

आता कोणी मालेगावचे नाव काढण्याआधी मीच काढतो. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मालेगावच्या एका चित्रपटगृहात सलमानचा चित्रपट चालू असताना प्रेक्षकांच्या मधोमध फटाके फोडले गेले. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, आणि हे धोकादायक आहे असे खुद्द सलमानने समाजमाध्यमावर लिहिले. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्येही त्याने चित्रपटगृहातल्या फटाक्यांबद्दल आणि पोस्टरवर ओतल्या जाणाऱ्या दुधाबद्दल चाहत्यांना जाहीर विनंती केली होती. दूध द्यायचेच असेल तर गरीब मुलांना द्या, असे त्याचे म्हणणे होते. मालेगाव नाशिक जिल्ह्यात मोडते, तरी धुळ्याहून ते पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि बोलीने व व्यवहाराने ते आम्हांला परके नाही. जे झाले ते चुकीचेच होते, आणि त्याची बातमी व्हायलाच हवी होती. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. त्या रात्रीची ती दृश्ये नंतर कोणत्याही मोठ्या चित्रपटाच्या बातमीला चिकटवलेली मी पाहिली आहेत, जणू आमच्या भागातला प्रत्येक चाहता खिशात सुतळी बॉम्ब घेऊनच तिकीट काढतो. ज्यांनी फटाके फोडले ते मूठभर आणि ज्यांनी जीव मुठीत धरून खुर्चीखाली डोके घातले ते शेकडो. पण हे शेकडोही चाहतेच होते, हे कोणत्या बातमीत आले?

आपल्यापैकी काही जण वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांत काम केलेले आहेत. त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

जुना ऑपरेटर :

पांझराकाठभाऊ, तुमच्या भाच्याबद्दल वाईट वाटले. मात्र फटाक्यांच्या बाबतीत तुम्ही दोन ओळींत आटोपते घेतले आहे, ते मला पटले नाही. मी खान्देशातल्या एका एकपडदा चित्रपटगृहात सव्वीस वर्षे ऑपरेटर होतो. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जुळवत बसण्यापासून ते उपग्रहावरून चित्रपट उतरवून घेण्यापर्यंत सगळे मी माझ्या खोलीतल्या त्या लहानशा चौकोनी खिडकीतून पाहिले आहे. बंद सभागृहात आगीपेक्षा धूर आधी मारतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. आग खाली रोहित्राला लागली होती, आणि वर बाल्कनीत बसलेल्यांना धुराने गाठले, कारण बाहेर पडायच्या वाटाच अडलेल्या होत्या. खुर्च्यांतला फोम आणि भिंतींवरचे आवरण पेटले की काय होते, याची कल्पना फटाका लावणाऱ्या पोराला नसते. आम्हांला असते. त्यामुळे अशा बातमीत कडक शब्द आले तर मी हरकत घेणार नाही.

हरकत आहे ती वेगळीच. बातमी तिथेच थांबते. फटाके आत गेलेच कसे, दारावर झडती घ्यायला माणसे किती होती, बाहेर पडायची दारे उघडी होती की बिनतिकीट पोरे शिरू नयेत म्हणून त्यांना साखळ्या घातल्या होत्या, क्षमतेपेक्षा जास्त तिकिटे फाडली होती का, हे विचारायला मालकाच्या केबिनपर्यंत जावे लागते. रस्त्यावरच्या पोरापुढे बूम धरायला परवानगी लागत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. रिळांच्या काळात चित्रपटाची एकच प्रत दोन चित्रपटगृहांत चालवायचे. तिकडे खेळ तासभर आधी सुरू होई, आणि तिकडचे रीळ संपले की पोरगा डबा सायकलवर टाकून आमच्याकडे आणत असे. एकदा मध्यंतरानंतरचा डबा घेऊन येणारा पोरगा रेल्वे फाटकात अडकला. दोन मालगाड्या गेल्या. आमच्याकडे पांढरा पडदा, अंधार आणि नऊशे माणसे. वीस मिनिटांनी आरडाओरडा सुरू झाला, दोन खुर्च्या मोडल्या, कोणीतरी पडद्याकडे नाणी भिरकावली. पडद्याला बारीक भोके असतात, कारण आवाजाचे भोंगे त्याच्या मागे असतात. तो फाटला की शिवता येत नाही, मागून पट्टी चिकटवावी लागते, आणि ती पट्टी नायकाच्या कपाळावर आली की पुढे वर्षभर दिसत राहते. दुसऱ्या दिवशी बातमी आली : 'चित्रपटगृहात प्रेक्षकांचा धुडगूस'. फाटकाचा उल्लेख नव्हता. एका प्रतीवर दोन खेळ चालवणाऱ्या मालकांचाही नव्हता.

केळीबाग :

साखळ्यांबद्दल ऑपरेटरकाकांनी लिहिले ते शंभर टक्के खरे आहे. आमच्या गावच्या चित्रपटगृहात डाव्या बाजूचे दार मी उभ्या हयातीत उघडे पाहिले नाही, आणि त्याच्या वर 'बाहेर' असे लाल अक्षरांत लिहिलेले होते.

बातमीमागचा :

धागालेखकांनी हाक दिलीच आहे, तर मला उत्तर देणे भाग आहे. मी अकरा वर्षे एका वाहिनीसाठी जिल्ह्यातून बातम्या पाठवत होतो. आता ते काम सोडले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

जिल्ह्याच्या वार्ताहराला पगार नसतो. बातमी लागली तर तिच्यामागे ठरलेले पैसे मिळतात, आणि लागली नाही तर पेट्रोलही खिशातले जाते. मोठ्या चित्रपटाच्या आदल्या रात्री मुंबईच्या डेस्कवरून संदेश येतो की 'माहोल' पाठवा. माहोल म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगत नाही. दोन-तीन वेळा बातमी पडली की आपले आपल्याला कळते. शांतपणे रांगेत उभा असलेला माणूस म्हणजे माहोल नव्हे. पडद्यावर काहीतरी हलायला हवे, उडायला हवे, ओरडायला हवे. रक्तदान शिबिराची दृश्ये मी दोनदा पाठवली होती. त्यांत माणूस आडवा पडलेला असतो, नळी असते आणि हळूहळू भरणारी पिशवी असते. तिथे काहीच हलत नाही. ती बातमी दोन्ही वेळा लागली नाही. स्थानिक वृत्तपत्रात मात्र ती आतल्या पानावर चार ओळींत आली, आणि सोबतच्या छायाचित्रात रक्तदात्यापेक्षा नगरसेवक ठळक होते.

दुधाचेही सांगतो, कारण ते माझ्या मनावर ओझे आहे. काही वर्षांपूर्वी एका चित्रपटगृहासमोर पाच-सहा पोरांनी कटआउटवर दूध ओतायचे ठरवले होते. त्यांच्याकडे अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या होत्या. बादलीत त्या फोडून वर पाणी घातले, बादली पांढरी दिसू लागली, आणि एक पोरगा शिडीवर चढला. त्याने ओतले तेव्हा नेमके ऊन भिंगावर आले. मी म्हणालो, "भाऊ, अजून एकदा." पोरगा शिडीवरूनच म्हणाला, "दादा, दूध संपनं." मी खिशातून साठ रुपये काढून दिले, समोरच्या डेअरीतून आणखी दोन पिशव्या आल्या, आणि दुसऱ्यांदा दृश्य छान आले. त्या संध्याकाळी स्टुडिओत दुधाच्या नासाडीवर अर्धा तास चर्चा झाली. देशातल्या कुपोषणापर्यंत विषय गेला. ती नासाडी निम्मी माझ्या पैशांची होती, हे चर्चेतल्या कोणालाच ठाऊक नव्हते, आणि मीही कोणाला सांगितले नाही. त्या बातमीचे पैसे मला मिळाले.

तुमच्या भाच्याला विचारला गेलेला तो प्रश्नही ओळखीचा आहे. 'जीव द्याल का' हा प्रश्न उत्तर मिळवण्यासाठी विचारलेला नसतो. 'नाही' म्हणणारा माणूस कापला जातो आणि 'हो' म्हणणारा लागतो, त्यामुळे तो प्रश्न चौघांना विचारला की एक 'हो' हमखास मिळतो.

सडेतोड :

सगळा दोष कॅमेऱ्यावर टाकून चालणार नाही. आता तर कॅमेरा प्रत्येकाच्या हातात आहे, आणि शिडीवर चढणारी मुले वाहिनीची वाट पाहत थांबत नाहीत. ती स्वतःच स्वतःची रील काढून टाकतात. ज्या चाहत्यांच्या प्रतिमेबद्दल तुम्ही हळहळता, त्यांतलेच काही जण दुसऱ्या नटाबद्दल चार शब्द बरे लिहिणाऱ्याला आईबहिणीवरून शिव्या देतात. माझ्या बहिणीने एका चित्रपटाबद्दल साधे नापसंतीचे परीक्षण लिहिले होते, तर तीन दिवस तिला फोन बंद ठेवावा लागला. तेव्हा तिला शिव्या घालणाऱ्यांना कोणी बूम दाखवला नव्हता.

शिवाय माध्यमे चाहत्यांना नेहमीच वेडे ठरवतात, हेही खरे नाही. सुशांतसिंह राजपूत १४ जून २०२० रोजी गेला, त्यानंतरचे महिने आठवा. तेच चाहते, तेच ओरडणे, तीच टोकाची भाषा; पण तेव्हा त्यांना 'न्याय मागणारी जनता' असे नाव मिळाले, कारण त्या ओरडण्यावर वाहिन्यांचे रात्रीचे कार्यक्रम चालत होते. एका तरुणीला तुरुंगात जावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात अशा माध्यमखटल्यांवर ताशेरे ओढले, आणि पुढे मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. त्या वेळी चाहत्यांपैकी किती जणांनी आपली चूक झाली असे म्हटले? वाहिन्यांनी त्यांना वापरले, हे मान्य. पण ते आनंदाने वापरले गेले.

पांझराकाठ :

सडेतोडदादा, तुमच्या बहिणीच्या बाबतीत घडले ते निंद्य आहे, आणि त्याला मी 'प्रतिमेचा प्रश्न' म्हणणार नाही. सुशांतच्या प्रकरणातला तुमचा मुद्दा मला माझ्या मूळ लेखात सुचायला हवा होता, कारण तो मला म्हणायचे आहे त्याच्याच बाजूने जातो. चाहता वेडा की शहाणा, हे तो काय करतो त्यावरून ठरत नाही. त्या आठवड्यात वाहिनीला काय हवे आहे त्यावरून ठरते. जून २०२० मध्ये जे ओरडणे जनतेचा आवाज होते, तेच ईदच्या दिवशी उन्माद होते. माझ्या भाच्याला यांपैकी एकही बिरुद नको आहे. त्याला आपले नाव खाली लिहिलेले हवे होते, एवढेच.

गिरणेकाठची :

नावाचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझी आई चाळीसगावची. तिच्या तरुणपणी ती राजेश खन्नाची चाहती होती, आणि हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते, कारण मासिकांतून कापलेली त्याची छायाचित्रे तिने लग्नात आलेल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून खळीने चिकटवली होती. पेटी उघडी असेपर्यंतच तो दिसायचा. वडिलांना ते कधी कळले की नाही, हे ती गेल्यावर मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मी रोज त्या पेटीतून धोतर काढायचो."

राजेश खन्नाच्या चाहत्या म्हटले की आजही वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत त्याच दोन गोष्टी छापून येतात : मुलींनी रक्ताने लिहिलेली पत्रे आणि त्याच्या मोटारीवर उमटलेले लिपस्टिकचे ठसे. पन्नास वर्षे ही दोन वाक्ये एका लेखातून दुसऱ्यात उतरवली जात आहेत. अशी पत्रे आली नसतील, असे मी म्हणत नाही. पण माझ्या आईसारखी, लेडीज खिडकीवर आत्याला सोबत घेऊन तिकीट काढणारी, बाल्कनीत पदर सावरून बसणारी आणि घरी येऊन भाकरी थापताना तेच गाणे गुणगुणणारी बाई कोणत्या पुरवणीत आली? बाईची आवड छापण्याजोगी व्हायची, तर तिला आधी वेडाचा झटका यावा लागतो.

मात्र एके ठिकाणी आईचे नाव आले होते, आणि ते तिने आम्हांला शंभर वेळा सांगितले. विविध भारतीच्या फर्माइशीच्या कार्यक्रमाला तिने पोस्टकार्ड टाकले होते, आणि एका दुपारी निवेदकाने गाण्याआधी तिचे नाव आणि गाव स्वच्छ उच्चारात वाचले. त्या कार्यक्रमांमुळे झारखंडातले झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशभर माहीत झाले, इतकी पत्रे तिथून जात. पुढे त्या नावाचीही थट्टा झाली, हे खरे. पण रेडिओने थट्टा केली नव्हती. त्याने ज्याचे त्याचे नाव, ज्याचे त्याचे गाव वाचले आणि गाणे लावले. पांझराकाठदादा, तुमच्या भाच्याच्या छातीवर 'चाहता' एवढेच लिहिलेले होते, हे वाचले तेव्हा मला ते पोस्टकार्ड आठवले.

दक्षिणेतला खान्देशी :

मी मूळचा चोपड्याचा, पोटापाण्यासाठी चौदा वर्षे बेंगळुरूत आहे. इथे चाहत्यांच्या संघटना आपल्याकडच्या गणेश मंडळांसारख्या असतात : अध्यक्ष, खजिनदार, पावतीपुस्तक, आणि हिशेबावरून भांडणेसुद्धा. एप्रिल २००६ मध्ये कन्नड अभिनेते राजकुमार गेले तेव्हा या शहरात जाळपोळ झाली, माणसे मेली, त्यांत एक पोलीसही होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांचा अभिनेता मुलगा पुनीत वयाच्या ४६ व्या वर्षी गेला तेव्हा मी इथेच होतो. लाखोंचा समुदाय लोटला, आणि रांगा चालत राहिल्या. पित्याप्रमाणे पुनीतचेही नेत्रदान झाले, आणि त्यानंतर नेत्रदानाचे अर्ज भरायला माणसांची रीघ लागली. माझ्या इमारतीच्या पहारेकऱ्याने भरलेला अर्ज मी डोळ्यांनी पाहिला आहे. हैदराबादेत तर तेलुगू अभिनेते चिरंजीवींच्या नावाची रक्तपेढी १९९८ पासून चालते आणि तिला चाहतेच रक्त देतात. तरी उत्तरेकडच्या वाहिन्यांवर दक्षिणेचा चाहता दिसतो तो नारळ फोडताना आणि कापूर लावताना.

चेंगराचेंगरीचेही तसेच आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी हैदराबादेत एका चित्रपटाच्या खास खेळाला अभिनेता स्वतः आला, गर्दी उसळली आणि एका बाईचा जीव गेला, तिचा मुलगा अत्यवस्थ झाला. १३ डिसेंबरला अभिनेत्याला अटक झाली, आणि तेव्हापासून कॅमेरे त्याच्या घराच्या फाटकाकडे वळले ते वळलेच. ती बाई घरच्यांसोबत सिनेमा पाहायला आली होती. मी पाहिलेल्या पट्ट्यांवर मात्र ती 'महिला चाहती' होती.

जुना ऑपरेटर :

गिरणेकाठच्या ताई, तुमच्या वडिलांचे वाक्य वाचून मी दोन मिनिटे थांबलो. एवढेच लिहायचे होते.

बातमीमागचा :

पांझराकाठदादा, तुम्ही सुरुवातीला लिहिले आहे की भाचा 'देऊ की' म्हटल्यानंतर आणखी एक वाक्य बोलला होता. माझी जुनी सवय म्हणा, पण कापलेले काय होते ते जाणून घ्यायचे आहे.

पांझराकाठ :

मित्राच्या मोबाइलमधली ती चित्रफीत आज पुन्हा लावून पाहिली, म्हणजे शब्द इकडचा तिकडे व्हायला नको. "देऊ की, त्यात काय!" असे म्हणून तो हसतो, मग शेजारच्या मित्राकडे मान वळवतो आणि अहिराणीत म्हणतो, "पन मना जीव मनी मायना शे, पहिले तिले इचारनं पडी." म्हणजे, पण माझा जीव माझ्या आईचा आहे, आधी तिला विचारावे लागेल. सगळे खो खो हसतात. बूम धरलेला माणूसही हसतो, त्याचा हात हलतो, आणि तेवढ्यात चित्रपटगृहाची घंटा होते. मुले तिकिटे काढून दाराकडे धावतात.

त्याच्या आईने ही पूर्ण चित्रफीत गेल्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिली. तिने ती शहाद्याला पाठवू का, असे मला विचारले. मी पाठव म्हणालो. अजून तिकडून उत्तर आलेले नाही.